ओ आली तरच वाट खरी

दिवा हिरवा होता. एक नव्हे, दोन्ही हिरवे. मग मंगळवारी वादळाचा इशारा आईच्या नौकेपर्यंत पोचला का नाही?

या कोड्याने ओजलची तीन दिवस झोप उडवली होती. पोर अकरा वर्षांची, पण एकदा मनावर घेतलं की हटायची नाही. तिची आई जयवंती मासेमारी नौकेवर तांडेल (नौकेची प्रमुख) होती. मंगळवारी नौका वाऱ्यात सापडली, सुकाणू मोडलं, आईच्या हाताला मार बसला. तरी आज दुपारी चारला ती पुन्हा निघणार होती.

"हात तरी बरा होऊ दे गो," ओजलने विनवलं होतं.

"हाताचं मी बघते, इशाऱ्याचं तू बघ," आई हसत म्हणाली. तिने थट्टा केली होती खरी, पण ओजलने ते काम अंगावर घेतलं.

ही गोष्ट कातळवाडी बंदराची, सन २०६१ची. खाडीच्या तोंडाशी असलेल्या इशारा केंद्रात बारा सर्व्हर (अखंड काम करणारे संगणक) समुद्राचा अंदाज काढत आणि डोंगरावरच्या मनोऱ्यातून नौकांना कळवत. केंद्र उभारलं होतं बाबल आजोबांनी. वाडीतली सगळी मुलं या शास्त्रज्ञाला आजोबाच म्हणत. त्यांचा यंत्रमानव सतत 'सर्व ठीक' म्हणायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठीकू ठेवलं होतं.

"प्रत्येक सर्व्हरला दोन तारा आहेत," केंद्रात आलेल्या ओजलला आजोबांनी दाखवलं. "दोन्हींचा मिळून जोडबंध (तारा दोन, पण वापरणाऱ्याला वाट एकच). एक तुटली की दुसरी काम उचलते."

"पण तुटली हे कळतं कसं?"

"ठीकू दिवे बघतो. हिरवा म्हणजे तारेत जीव आहे." आजोबांनी एक तार उपसली. तिचा दिवा विझला आणि काम लगेच दुसरीवर गेलं.

"सर्व ठीक," ठीकू म्हणाला.

"मंगळवारीही तू हेच म्हणालास," ओजल फणकारली.

"मंगळवारी दिवे हिरवे होते," ठीकू शांतपणे म्हणाला.

तीन वाजत आले. एवढ्यात खिडकीतून ओळखीचा आवाज आला. "कूऽऽ!" खाडीपलीकडे आई उभी होती, बंदरावर यायला तरीची होडी (खाडी ओलांडून नेणारी) बोलावत होती. अलीकडे होडी तर बांधलेली स्वच्छ दिसत होती. तरीही आईने तीनदा कुकारा घातला. कुणी ओ दिली नाही, तशी ती वळली आणि खाडीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या तरीकडे चालू लागली.

ओजल बघतच राहिली. होडी दिसली म्हणून आईने तरवाला आहे असं धरलं नव्हतं.

"आजोबा, ही तार इथून कुठे जाते?"

"त्या स्विचमध्ये (संदेश पुढे पाठवणारं खोकं). तिथून मनोऱ्याला. दुसरी तार दुसऱ्या खोक्यातून जाते."

"मग दिवा खोक्यापर्यंतचीच खबर देतो. पुढे वाट बंद असली तर?"

आजोबांनी मुद्दाम खोक्याला संदेश अडवून धरायला सांगितलं. मनोऱ्यावर काही पोचेना, दिवा मात्र हिरवागार. "सर्व ठीक," ठीकू म्हणाला.

"चाळीस वर्षं तारा जोडतोय," आजोबा म्हणाले, "आणि दिव्यावर भुललो. मंगळवारीही असंच झालं असणार. चूक माझी आहे, पोरी. चल, दुरुस्त करू."

ओजलने ठीकूला सांगितलं, "दिवे बघतोस तसाच आता कुकाराही घालत जा. खोक्याला विचार." खोक्याने झटकन ओ दिली. पुढची वाट बंद असूनही दिली.

"छे, शेजाऱ्याला विचारून पैलतीराची खबर कशी कळेल?" ओजल स्वतःवरच चिडली. "मनोऱ्यालाच विचार. दर सेकंदाला."

"आणि एकदा ओ चुकली की वाट बदलू?" ठीकूने विचारलं.

"नको. एखादी हाक वाऱ्यातही हरवते. तीनदा ओ नाही आली, तर बदल."

"मनोराच दुरुस्तीसाठी बंद असला तर?" आजोबांनी विचारलं. ओजलने डोकं खाजवलं. मग तिने हाक मारायला खोक्यापलीकडच्या दीपगृहाचाही पत्ता घातला. दोघांपैकी एकाने जरी ओ दिली, तरी वाट चांगली.

चारला नौका सुटली. अर्ध्या तासाने आजोबांनी ओजलकडे पाहिलं. "खोकं पुन्हा अडवून बघायचं?"

आई पाण्यावर होती. पण आज बघितलं नाही, तर वादळच बघणार होतं. तिने कळ दाबली.

"पहिली वाट," ठीकू म्हणाला. "ओ नाही. ओ नाही. ओ नाही. दुसरीने निघालो. मनोऱ्याची ओ आली."

दिवे दोन्ही हिरवेच होते. या वेळी ठीकूने त्यांच्याकडे बघून 'सर्व ठीक' म्हटलं नाही.

"उद्या बाकीच्या बंदरांना कळवू," आजोबा म्हणाले. "त्यांचे ठीकूही दिवेच बघत बसले असतील."

ओजलचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने नौकेला संदेश पाठवला, 'आई, पोचलं का?' आणि ती रेडिओला कान लावून बसली. आधी नुसती खरखर आली. मग भर समुद्रातून आवाज आला, "कूऽऽ!"

ओजलने दोन्ही हात तोंडाशी धरून ओ दिली.