भरलेली मडकी, तहानलेली रोपं

"अगं, मडकी तर काठोकाठ भरलीत! मग रोपांनी माना का टाकल्या?" ढोल्या वाफ्यात बसकण मारत ओरडला.

टिचकी कोमेजलेली पानं उचलून बघत होती. शिबिराहून आल्या आल्या, पाठीवरच्या पिशव्याही न उतरवता ती, ढोल्या आणि त्याची बहीण चष्मिस अशी तिघं इमारतीमागच्या बागेत धावली होती. आणि बघतात तर काय! टोमॅटो मलूल, काकडीचा वेल वाळत चाललेला. सेक्रेटरीकाकांनी बजावून ठेवलं होतं, "पाईप लावायचा नाही. आणि सुट्टी संपेपर्यंत बाग हिरवी दिसली नाही, तर इथे फरशा घालून स्कूटर लावणार!" सुट्टी तर संपत आली होती.

मडक्यांची युक्ती टिचकीच्या मामाची. फर्निचरला पॉलिश करणारा तिचा सख्खा, लाडका मामा! साधी मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं. पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं ते पितात. खर्च जवळजवळ नाहीच! मुलं शिबिराला निघाली तेव्हा मडकी भरायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं होतं.

"रोज सकाळी भरतोय!" मागोमाग बागेत आलेला मामा छातीवर हात ठेवून म्हणाला. "तळमजल्यावरच्या बाईंना विचारा, रोज संध्याकाळी झाकणं उघडून बघतात. या ढोल्यानेच रोपं वेडीवाकडी लावली असणार."

ढोल्याचा चेहरा एवढासा झाला. मामा म्हणतोय म्हणजे तसंच असणार, असं टिचकीला वाटलं. ती ढोल्याशी धड बोललीसुद्धा नाही.

चष्मिस मात्र मडक्यालगत बोट खुपसून बसली होती. "इथली माती पण कोरडी ठणठणीत आहे! पाणी बाहेरच येत नाहीये. मग मामा रोज भरतो ते पाणी जातं तरी कुठे?"

"माझा मामा खोटं बोलतो म्हणतेस?" टिचकी उसळली.

"तसं नसेल तर तुझंच खरं ठरेल. शाई आण!"

मामा गेल्यावर तिघांनी प्रत्येक मडक्यात थोडी थोडी निळी शाई ओतली आणि झाकणं लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीकाका आणि बाई बागेत आल्या आल्या टिचकीने विचारलं, "मामा, आज पाणी भरलंस?"

"तर काय! सगळी मडकी तळाला गेली होती. आत्ताच काठोकाठ भरून आलो!"

टिचकीने झाकण उचललं. पाणी निळंशार! म्हणजे कालचंच! तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग एक मडकं उपसून तिने आतून नखाने खरवडलं, तर चकचकीत पापुद्रा हातात आला. त्याला वार्निशचा वास होता.

"अरे, रोज बादल्या कोण वाहणार?" मामा ओशाळून हसला. "बाई तपासायच्या, म्हणून आतून वार्निशचा एक हात मारला. मग पाणी पाझरतच नाही, एकदा भरलं की काम झालं! तू कशाला एवढं मनावर घेतेस?"

टिचकीचे डोळे भरून आले.

"शाबास रे पोरांनो!" सेक्रेटरीकाका म्हणाले. "तुमची काही चूक नाही. बाग राहणार, नवी मडकी मी आणून देतो!" बाईंनी तिघांची पाठ थोपटली. टिचकी मात्र आधी ढोल्याकडे गेली. "चुकलं माझं. मी तुला विचारायला हवं होतं."

"जाऊ दे गं," ढोल्या म्हणाला, पण त्याचा आवाज अजून पडलेलाच होता.

संध्याकाळी नवी मडकी पुरून होताच मामा बादली घेऊन हजर! "रागावलीस होय? हो बाजूला, मी भरतो."

टिचकीने त्याच्या हातातून बादली काढून घेतली.

"पाण्याचं राहू दे, मामा. तू ढोल्याचं नाव घेतलंस आणि मी तुझं खरं मानलं. तो राग जातच नाहीये."