मनगटातून मेंदूपर्यंत

आबांच्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, नर्सने नाडी तपासून निळ्या शाईचा ठिपका काढला होता. केतकीने मोजपट्टी लावून तो मोजला. जेमतेम दोन मिलिमीटर.

"आजार डोक्यात आणि खूण हातावर? हे कसं?"

"तेच तर!" आबा म्हणाले. "म्हणून तीन महिने ऑपरेशनला हो म्हणत नाहीये मी."

सन २०५१. कराडच्या एका रुग्णालयात आजोबा आणि नात बसली होती. आबांच्या मेंदूतल्या एका धमनीवर अॅन्युरिझम (रक्तवाहिनीची भिंत पातळ होऊन आलेला फुगा) होता. तो फुटला तर जिवावर बेतेल, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि विषय काढला की आबा "बघू" म्हणतात, हेही.

डॉ. नसरीन मुजावर आल्या, आणि त्यांच्यामागून चाकांवरचा सडपातळ यंत्रमानव, तंतू. त्याने टेबलावर पारदर्शक नळ्यांचं एक झाड ठेवलं.

"आबा, ही तुमच्याच धमन्यांची प्रतिकृती," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताचे रस्ते एकमेकांना जोडलेले असतात. म्हणून डोकं उघडायचं नाही. मनगटाच्या धमनीतून कॅथेटर (पोकळ, लवचीक नळी) घालायचा आणि खांद्यावरून, मानेतून वर न्यायचा."

"डॉक्टरबाई, चाळीस वर्षं वायरमन होतो मी. भिंतीतल्या पाइपात स्प्रिंग घालून वायरी ओढल्यात. चार वळणं आली की स्प्रिंग अडकते. जोर लावला की पाइप फुटतो. मग फोडा भिंत! माझं डोकं म्हणजे भिंत नव्हे."

"आई म्हणते, भिंत परवडली," केतकी म्हणाली.

"गप गं!"

"मग तुम्हीच घालून बघा," तंतूने केसासारखी तार पुढे केली.

आबांनी बाही सारली. तार खांद्यापर्यंत सरसर गेली, आणि मानेच्या वळणावर अडली. त्यांनी रेटली, ती दुमडली. "बघा! सांगत नव्हतो?"

"तुम्ही रेटताय, आबा. या तारेचं टोक मुद्दाम किंचित वाकडं ठेवलंय." तंतूने तार मागे घेतली आणि बाहेरचं टोक दोन बोटांत हलकेच पिळलं. आतलं टोक हव्या त्या फाट्याकडे वळलं, आणि तार अलगद पुढे सरकली. मग तिच्यावरून, दोऱ्यावरून मणी सरकावा तशी, नळी गेली. त्या नळीतून आणखी बारीक नळी थेट फुग्याच्या तोंडाशी पोचली. तार बाहेर आली, आणि तिच्या जागी प्लॅटिनमची नाजूक तार आत निघाली. नळीत ती सरळ होती. बाहेर पडताच फुग्यात तिची वेटोळी झाली.

"वेटोळ्यांनी फुगा भरला की रक्ताचा झोत आत शिरत नाही," तंतू केतकीला म्हणाला. "आतलं रक्त गोठतं. पातळ भिंतीवर मारा होत नाही."

आबा वाकून बघत होते. "थांब रे. एक वेढा तोंडातून बाहेर लोंबतोय. मोठ्या धमनीतलं रक्त अडेल की!"

"अचूक पकडलंत." तंतूने प्लॅटिनमच्या तारेला मागून जोडलेली तार ओढली. वेटोळी उलगडून नळीत परत गेली. दुसऱ्या खेपेला ती नीट बसली.

आबांचे डोळे विस्फारले. "परत ओढता येतं?"

"ती मागच्या तारेला जोडलेलीच असते," डॉक्टर म्हणाल्या. "मनासारखी बसली की मगच सांधा किंचित विजेने सोडवतो."

"वीज? डोक्यात?"

"विजेरीच्या सेलांत असते तेवढीच."

"आणि धोका?"

"आहे. शून्य म्हणणार नाही. पण तुमचा फुगा तीन महिन्यांत वाढलाय. थांबण्यातला धोका याहून मोठा आहे."

केतकीने नळ्यांच्या झाडावर बोट ठेवलं आणि मनगटापासून फुग्यापर्यंत हळूहळू फिरवलं. "डॉक्टर, आमच्या गावच्या दवाखान्यातही असं होईल?"

"तंतूची भावंडं तिथे पोचली की मी इथे बसूनही करू शकेन. तू मोठी होईपर्यंत बहुतेक होईलच."

आबांनी स्वतः तार हातात घेतली. पिळली. टोक वळलं. पुन्हा पिळली.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "उद्या सकाळीच करून टाका."