घरभरणीचे सात फोटो

टिक्... टिक्... टिक्... असा तो आवाज. हळू, एकसारखा. शेवटी घाई लागल्यासारखा टिकटिकटिकटिक. आणि मग खट्.

जयवंतनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो २४ फेब्रुवारी २०१३ ला. रविवार होता, वारूळवाडीत त्याच्या नव्या घराची घरभरणी होती. पोरांनो, जयवंत माझ्या चांगल्या ओळखीचा. वीज खात्यात वायरमन होता. स्मशानाच्या कडेला रात्री दोन वाजता एकटा खांबावर चढणारा माणूस. बुद्धविहारात पहिल्या रांगेत बसायचा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. भूतखेत त्यानं मानलं नाही आणि घरात कुणाला मानू दिलं नाही. म्हणून तर त्याचं मी ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

आवाज कॅमेऱ्याचा होता. जयवंतचा पोरगा संघर्ष पुण्यात कामाला लागला, तेव्हा पहिल्या पगारातून त्यानं आईला छोटा डिजिटल कॅमेरा आणला. रत्नाला त्याचा नाद लागला. गावातल्या बायका, बारशी, जयंतीची मिरवणूक, गाई, कोंबड्या, सगळ्यांचे फोटो तीच काढायची. त्यामुळं ती स्वतः कुठल्याच फोटोत नसायची.

घरभरणीला संघर्ष हटून बसला. "आई, आज तू बी फोटुत यायचं."

"आन् बटण कोण दाबनार? तुझ्या हातात देनार न्हाई मी. मागल्या टायमाला सगळ्यांची मुंडकी उडवली तू."

मग कॅमेरा पाण्याच्या टाकीवर ठेवला. बटण दाबलं की दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायचा. दारासमोर जयवंत उभा, खुर्चीत त्याची म्हातारी आई जानकाबाई, तिच्या पलीकडं संघर्ष. जयवंत आणि जानकाबाईच्या मधी एक माणूस मावेल एवढी जागा रत्नासाठी सोडलेली.

रत्ना बटण दाबायची, पदर सारखा करायची, दिवा लुकलुकतोय का ते वाकून बघायची. आवाजाला घाई लागली की पळत सुटायची. आणि ती पोचायच्या आधीच खट्! दर वेळी पळताना, दर वेळी पाठमोरी. असं सात वेळा झालं. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

"अगं भवाने, उन्हानं माझं टाळकं तापलं!" जानकाबाई ओरडली.

"जाऊ द्या," रत्ना धापा टाकत म्हणाली. "माझा काय फोटु काढायचा? रोज बघताच की मला."

ते रोज बघणं २०२१ च्या मे महिन्यात संपलं. कोरोनाचे दिवस. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना रत्नाच्या तोंडाला मास्क होता, तिचे नुसते डोळे दिसले. तिनं हात केला. नवव्या दिवशी, अकरा तारखेला, दवाखान्यातून फोन आला. तिथं जयवंतला लांब उभं केलं होतं. तो म्हणाला, "एकदा तोंड दावा." एकजण म्हणाला, "न्हाई दाखवता येत, काका." तो तरी काय करणार! गुंडाळलेली रत्ना गेली. तिचा फोन, तिची पिशवी, काही परत आलं नाही.

पहिल्या स्मृतिदिनाला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. लग्नातला एक होता, तो वाळवीनं खाल्लेला. संघर्षचं लग्न तिच्या माघारी झालं. राहिला आधार कार्डावरचा, काळा धब्बा. जयवंत तो घेऊन नारायणगावात एका स्टुडिओत गेला.

"एवढ्यावर करतो, काका," पोरगा म्हणाला. "अंगावर साडी कुठली टाकू? हिरवी हाय, लाल हाय, पैठणी बी हाय."

हिरवी टाकली. दुसऱ्याच कुठल्या बाईचं अंग, दुसरीचा गळा, आणि वर रत्नाचं तोंड कापून बसवलेलं. स्टुडिओवाल्यानं मायेनं तिला गोरी केली. धब्बा घालवायच्या नादात नाक सरळ केलं. ओठांवर हसू ठेवलं. फ्रेम भिंतीवर लागली. दर वर्षी तिला हार, पुढं मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील.

आणि चौथ्या वर्षी जयवंतच्या ध्यानात आलं, की डोळे मिटले तर आपल्याला रत्ना दिसत नाही. फ्रेममधली बाई दिसते. तीळ रत्नाच्या हनुवटीवर होता का गालावर? डावीकडं का उजवीकडं? सदतीस वर्षं ज्या तोंडासमोर बसून भाकरी खाल्ली ते तोंड त्याला आठवेना. ह्याचं दुःख कुणाला सांगायचं? माणूस गेल्याचं सांगता येतं. हे कसं सांगायचं?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, संघर्षचा फोन आला. "आबा, त्यो जुना कंप्युटर आता कधीबी मरंल. त्यात आईचे चार हजार फोटू हायेत. कोंबड्यांचेच चारशे असतील. ठेवायचे तेवढे तुमी एका फोल्डरमधी टाका, बाकीचे उडवा. रविवारी आईचा दिवस हाय, मी येतो तवा पेनड्राईव्हमधी घेतो."

काम साधं होतं. जयवंतला मात्र वाटलं, ह्या चार हजारांत कुठंतरी तिचं तोंड असेल. आरशात, खिडकीच्या काचेत, कुणाच्या खांद्याआड. डबा भंगारात जायच्या आत ते सापडलं पाहिजे.

शुक्रवारी, नऊ तारखेला, जेवण करून तो बसला. कंप्युटर पुढच्या खोलीत होता. खुर्चीच्या पाठीमागं भिंत, भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि रत्नाची फ्रेम. तो बाणाचं बटण दाबत एकेक फोटो पुढं सारू लागला. कोंबडी, उडव. गाय, उडव. शेजारणीचा नातू, ठेव. तोंड कुठंच नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला घरभरणीचे फोटो आले. एक, दोन, तीन... सातही फोटोंत रत्ना पळत होती, पाठमोरी. वेणी उडालेली, एक पाय उचललेला. त्याला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं.

सातव्यानंतर दुपारच्या पंगतीचा फोटो यायला पाहिजे होता. त्यानं बटण दाबलं.

आठवा आला.

रत्ना पोचली होती. आपल्या जागी उभी होती, जयवंत आणि जानकाबाईच्या मधी. अजून पाठमोरी. बाकीच्या सातांत ती पळताना पुसट झालेली. ह्यात साडीचा दोरा न् दोरा दिसत होता. आणि रांगेतलं कुणी हसत नव्हतं.

जयवंतला भीती वाटली नाही. आनंद झाला. आपण विसरलो असू, तिनं आठव्यांदाही बटण दाबलं असेल. सकाळी त्यानं संघर्षला फोन लावला.

"किती फोटू काढलं व्हतं रं आपण, तुझी आई पळत व्हती ते?"

"सातच, आबा. मग पंगत बसली. का वो?"

"न्हाई... आसंच."

चहाच्या टपरीवर सावळेराम भेटला, त्याचा जुना सोबती. "काय जयवंतभाऊ, डोळं लाल? रात्रभर कंप्युटरवर पोरी बघतो का काय?"

"एकच बघतोय, सावळ्या," जयवंत म्हणाला. "ती बी वळना."

सावळेराम खो खो हसला. जयवंतही हसला. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण विहारात पहिल्या रांगेत बसणारा माणूस. काय सांगणार, आणि कुणाला?

शनिवार, १० मे. बुद्ध पौर्णिमा दोन दिवसांवर, बाहेर टिपूर चांदणं. अकराला लाईट गेली. इन्व्हर्टरवर कंप्युटर चालू राहिला, खोलीतला दिवा त्यानं मुद्दाम बंद केला. आठवा फोटो समोर उघडून तो बसून राहिला. सव्वाबारा झाले.

टिक्...

इन्व्हर्टर उतरला असेल, असं त्याला वाटलं.

टिक्... टिक्...

जयवंत वायरमन होता. इन्व्हर्टरचा आवाज त्याला ठाऊक होता. तो शेवटपर्यंत एकाच चालीनं वाजतो. हा तसा नव्हता. ह्याला घाई लागत होती. तो कॅमेरा तर कधीच बिघडला होता, २०१७ ला भंगारवाल्यानं नेला होता.

टिकटिकटिकटिक.

खट्.

त्याचं बोट बटणावर नव्हतं. फोटो आपोआप पुढं सरकला. नववा.

रत्ना वळू लागली होती. खांदा वळला होता. कान दिसत होता. गालाची एक कड. जयवंत पडद्याला नाक लावून तीळ शोधू लागला. मग त्याचं लक्ष जानकाबाईकडं गेलं. म्हातारी वारून नऊ वर्षं झाली होती. फोटोत ती रत्नाकडं बघत होती. तोंड उघडं. आणि तिनं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. अंगाला अंग लागू नये, असे.

"रत्ना," जयवंत म्हणाला, "वळ गं. एकदाच."

टिक्... टिक्... टिकटिकटिक...

खट्.

दहावा.

ती समोर बघत होती.

गोरी. सरळ नाक. ओठांवर हसू. ते हसू डोळ्यांपर्यंत गेलेलं नव्हतं. तोंडाच्या कडेनं बारीक पांढरी रेघ, कात्रीनं कापल्यासारखी. कुठंच तीळ नव्हता.

फ्रेममधलं तोंड.

तीन वर्षं ज्या तोंडाला हार घातला, तेच तोंड घालून ती आली होती. दुसरं आणणार कुठून? तिचं खरं तोंड कुणापाशी उरलंच नव्हतं. त्याच्यापाशी सुद्धा.

"ही... ही तू न्हाईस," तो म्हणाला.

इन्व्हर्टर बसला. पडदा काळा झाला.

काळ्या काचेत चांदणं पडलं होतं. त्यात त्याला आपलं डोकं दिसलं. आणि खुर्चीच्या मागं... कुणीतरी उभं होतं.

आवाज नाही. श्वास नाही.

खुर्चीची पाठ करकरली. तिच्यावर कुणी हात टेकावा, तशी.

"रत्ना...?"

...

मागं वळावं. नुसती मान फिरवायची. तिचं खरं तोंड असलं तर? तीळ, चपटं नाक, सावळा रंग... सगळं एका नजरेत परत मिळालं असतं.

आणि ते दुसरं असलं तर?

जयवंतनं डोळे मिटले. घट्ट. खांबावर वीज कडाडली तरी ज्यानं डोळे मिटले नव्हते, त्यानं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. ती थांबली होती, एवढं त्याला कळत होतं. ती वाट बघत होती, हेही कळत होतं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

मग खुर्चीची पाठ सुटली. हात निघाला.

थोड्या वेळानं अंगणातल्या फाटकाची कडी वाजली.

तरीही त्यानं उघडले नाहीत. ऊन तोंडावर येईस्तोवर.

रविवारी आठ वाजता संघर्ष आला. आबांचा अवतार बघून म्हणाला, "काय आबा, रात्रभर बसला का काय? तुमी बी ना!" लाईट आलेली होती. त्यानं पेनड्राईव्ह खिशातून काढला, खुर्चीत बसला, कंप्युटर चालू केला. जयवंत मागं उभा राहिला.

"घरभरणीचे आधी घेऊ," संघर्ष म्हणाला. त्यानं मोजले. सातच होते. आठवा, नववा, दहावा, काही नव्हतं. त्यानं पहिला उघडला.

"आबा... ह्यातली आई कुठंय?"

दुसरा. तिसरा. त्याचं बोट भराभर चालू लागलं. सातवा. मग पुन्हा पहिला.

"तुमी काय दाबलं का? काय केलं तुमी?"

सातही फोटोंत अंगण मोकळं होतं. पळणारी बाई कुठंच नव्हती. दारासमोर रांग तशीच उभी, मधली जागा तशीच रिकामी. पण कुणी कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं. उजव्या बाजूला फाटक सताड उघडं होतं आणि सगळ्यांच्या माना तिकडं वळलेल्या होत्या. खुर्चीतून अर्धवट उठून जानकाबाई तिकडं बघत होती. बावीस वर्षांचा संघर्ष हात पुढं करून तिकडं बघत होता. लांब चाललेल्या माणसाकडं बघतात, तसे.

एकटा जयवंत बघत नव्हता. सातही फोटोंत त्यानं डोळे घट्ट मिटलेले होते.

संघर्षनं स्वतःचा तो तरुण चेहरा बघितला. आजीच्या पलीकडं बापाचा बघितला. खूप वेळ बघितला. मग खुर्ची फिरवून मागं उभ्या असलेल्या बापाकडं बघितलं.

जयवंतची मान खाली होती.

संघर्षनं पेनड्राईव्ह परत खिशात घातला, उठला, आणि बाहेर निघून गेला.