तात्पुरता श्वास

ऑफिसात तिला सगळे कानसेन म्हणत. त्यांच्या कंपनीचा व्हिडिओ गेम म्हणजे बर्फाळ बेटावर तग धरून राहायचा खेळ. लाकडं तोडा, शेकोटी पेटवा, तळ्यात बुडी मारून लोखंड काढा. त्यातला प्रत्येक आवाज तिच्या हातचा. बर्फातली पावलं म्हणजे उशीच्या अभ्र्यात भरून दाबलेलं पीठ, आणि दमलेल्या खेळाडूची धाप म्हणजे लिफ्ट बंद असताना चार मजले चढून आलेले तिचे बाबा. नटाचा आवाज मिळेपर्यंत तात्पुरती म्हणून घेतलेली ती धाप कामाच्या रेट्यात तशीच राहून गेली. बाबांना त्याचं भारी कौतुक. "धापा मी टाकतो आणि पगार ही घेते!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आतापर्यंत खेळाडू दमला की थोडं बसल्यावर त्याचा दम आपोआप भरून यायचा. नव्या आवृत्तीत मॅनेजरनं ते बंद केलं. दम संपला की ताटकळत बसा, नाहीतर खेळातल्या दुकानातून श्वासकुपी विकत घ्या.

आवृत्ती सकाळी अकराला सुरू झाली. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. समोर बाबा बुटाची नाडी बांधत काहीबाही सांगत होते. बोलता बोलता थांबले. शब्द आठवत नसेल, असं तिला वाटलं. मान वर करून पाहिलं तर तोंड उघडं, डोळे उघडे आणि छाती हलत नव्हती. ती किंचाळत उठेपर्यंत त्यांनी खोल श्वास ओढला आणि शेवटी नाकातून बारीक शिट्टी वाजली. ती शिट्टी तिनं हेडफोनमधून शेकडो वेळा ऐकली होती.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "छाती अगदी स्वच्छ आहे हो यांची," म्हणाल्या आणि गेल्या.

दार लागलं आणि बाबा पुन्हा थांबले.

तिची नजर स्क्रीनवर गेली. चाचणीसाठी उघडलेल्या खेळात तिचा खेळाडू तळ्याकाठी बसला होता. दमाची पट्टी रिकामी. आपण काय करतोय ते न कळताच तिनं श्वासकुपी घेतली.

बाबांनी श्वास ओढला. शिट्टी वाजली.

"मला काय होतंय गं?"

"काही नाही, बाबा."

असं होऊच शकत नाही, हे ती स्वतःला बजावत राहिली. मग तिनं स्वतःच खेळातली बाबांच्या धापेची फाइल पुसून दुसरीच धाप चढवली. बाबांचा श्वास तरीही अडकला. तिनं आणखी एक कुपी घेतली आणि मॅनेजरला फोन लावला.

"दम पहिल्यासारखा करा. आत्ताच्या आत्ता. पाया पडते तुमच्या."

"वेड लागलंय का तुला? महिन्यात विकलं नव्हतं तेवढं तासाभरात विकलंय." तो हसत होता. "लोकांना ती धाप ऐकवत नाही. तुझीच कमाल! आता पुढचं ऐक. गारठलेल्या खेळाडूच्या छातीचा ठोकाही तसाच विकायचा. मोजक्या लोकांना चालू केलाय, आत्ताच."

ठोक्यासाठी तिनं माइक लावला होता तो लेकीच्या पाठीला, ती पालथी झोपलेली असताना. तोही तात्पुरताच.

शेजारच्या खोलीत लेक चित्र रंगवत बसली होती. खडू कागदावर घासल्याचा आवाज येत होता.

तो थांबला.