पोह्यातलं मीठ

शिकवायला मराठी मंडळाच्या खोलीत शिरताच स्नेहल थबकली. लहान पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन एक दांडगा तरुण बसला होता.

"मी मोनू. मले पण मराठी शिकायची आहे."

"या वयात? कावून?"

"बस... ऐसेच."

ऐसेच म्हणे! सेक्टर दोनमधला मराठीचा हा रविवारचा वर्ग पोरांसाठी. तिथे या बाप्याचं काय काम? यामागे काहीतरी वेगळंच आहे, असा तिला पहिल्या दिवसापासूनच संशय होता. पण तो दर रविवारी यायचा, 'ळ' म्हणताना लाजायचा, आणि ती आता दाराकडे पाहत बसायची... हे मात्र तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

एका सकाळी तो म्हणाला, "आज शाम को पोरगी पाहाले जाना आहे. तिच्या बाबांले मराठी लागते. 'बिंबवणे' कसं वापरायचं?"

म्हणजे हे सगळं दुसरीसाठी! स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली गोष्ट मनात खोल रुजवणं म्हणजे बिंबवणं, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. बाबांनी मराठी तिच्या मनावर अशीच तर बिंबवली होती.

"सोपं आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "पोह्यात मीठ छान बिंबवलं, असं म्हणा."

त्याच संध्याकाळी तिलाही पाहायला जवळच्या जुनवानीचा कोणी धनंजय येणार होता. फुगलेल्या तोंडाने ती पोहे घेऊन बाहेर आली, तर समोर स्वतःच्या आईशेजारी बसलेला मोनू! घरचं नाव मोनू, पत्रिकेतलं धनंजय.

एक घास खाऊन तो तिच्या बाबांकडे वळला. "काकाजी, पोह्यात मीठ छान बिंबवलं!"

देवरावांचा चमचा तसाच थांबला. "हे कोणी शिकवलं तुले?"

मोनूने मान खाली घातली. तिचं नाव काही घेतलं नाही. त्याची ती फजिती स्नेहलला बघवेना.

"मी, बाबा. मुद्दाम." ती पुढे झाली. "मले वाटलं, हा दुसऱ्या पोरीसाठी शिकून राहिला... मले सहन नाही झालं."

देवरावांनी चमचा बशीत ठेवला. मग आत वळून म्हणाले, "चहा टाका. साखर जास्त घाला."

फाटकापाशी स्नेहल पुटपुटली, "माफ करा... तुमाले चुकीचं शिकवलं."

"मले माहीत होतं. दुपारी आईले विचारलं ना. अन् पोरगी तुमीच, हे तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग तसंच बोलले कावून?"

"तुमी खोटं कावून शिकवलं," मोनू हसला, "ते तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं."