जुन्या सीटवर नवं कव्हर

"सीटखाली मासे लपवणारा तो मेला कोण, एकदा कळू दे मला!"

शिलाई मशीनवर वाकलेली अन्वरी पुटपुटली. शेजारी पत्रा ठोकणाऱ्या तहसीनने ऐकलं. नाकावरचा रुमाल घट्ट केला.

अन्वरी माझी मावसबहीण. रत्नागिरीची, अबू धाबीजवळ मुसफ्फात गाड्यांच्या सीटा शिवते. तिला साधं वय चोरता येत नाही, थापा काय मारणार? म्हणून सांगते, हे खरं आहे. गेल्या ऑगस्टात, भर दुपारी घडलंय. आजही विमानात बसण्याआधी ती सीट हाताने चाचपते.

शेडमध्ये एका जुन्या विमानाचं नुसतं धड आलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातलं. अल ऐनला त्याचं कॉफी शॉप होणार होतं. तहसीनचं आयुष्य विमानं दुरुस्त करण्यात गेलेलं. तो रंगात येऊन सांगायचा.

"युद्ध संपलं आणि सगळ्यांना घाई झाली, आपा. प्रवाशांना जेटमध्ये बसवायचं! खिडक्या ठेवल्या चौकोनी. वर गेलं की धड फुगायचं, खाली आलं की आकसायचं. कोपऱ्यांना चिरा गेल्या. हवेतच फाटली विमानं. मग एक धड पाण्याच्या टाकीत ठेवून, फाटेपर्यंत आतून दाब देत राहिले. तेव्हा कळलं. म्हणून ह्याच्या खिडक्या गोल."

"आणि जी विमानं फाटली, त्यांतली माणसं?"

"यल्ला, चला आपा, काम करा."

धडात सीटा नव्हत्या. मालक नूरुद्दीनभाईंनी त्या कुठूनतरी भंगारातून आणल्या. "त्याच काळातल्या हव्या होत्या ना? त्याच आहेत. खलास!"

घाईच्या कामाची तिथे एक पद्धत होती. जुनं कव्हर उसवायचं नाही. वरूनच नवं चढवायचं.

अन्वरीने तेच केलं.

सकाळी नव्याकोऱ्या रेक्झिनवर ओल होती...

पाठीच्या आकाराची. खाली मांड्यांची. हातांच्या जागी बोटं उमटलेली, घट्ट धरल्यासारखी.

तिने पुसलं. फडका चिकट झाला. ओहोटीला खाडीत काहीतरी कुजत पडावं, तसा वास. साबण लावून लावून हात धुतले, तरी डब्यातल्या चपातीला तोच वास.

मग सुईला काहीतरी अडकलं.

दोरा समजून तिने ओढलं... ओढतच राहिली.

केस होता. लांब. ओला.

अन्वरी सुई टाकून तडक मालकाकडे गेली.

"नूरुद्दीनभाई, फेका ह्या सीटा!"

"एसीचं पाणी असेल गं."

"एसी अजून बसवलाय कुठे?"

त्यांनी फोन कानाला लावला.

शुक्रवारी सगळ्यांच्या घरच्यांना विमानात बिर्याणीची दावत होती. अन्वरीची लेक सुमैय्या हट्टाला पेटली होती. मम्मीचं विमान बघायचंच! अन्वरी विमानाच्या जिन्याशी कुणाशी तरी बोलत होती, तेवढ्यात पोरगी तिचा डोळा चुकवून धावत खिडकीपाशी जाऊन बसलीसुद्धा.

सगळे नाकाला रुमाल लावून बिर्याणीची तारीफ करत होते. वासाबद्दल कुणी चकार शब्द काढेना.

सुमैय्या सीटच्या अगदी कडेला टेकली होती.

"नीट बस गं."

"आय कान्ट, मम्मी. ही इज नॉट मूव्हिंग."

अन्वरीने तिला उचललं. फ्रॉक मागून निथळत होता. आणि दंडावर चार बोटांचे बुळबुळीत ठसे...

तेवढ्यात मागच्या रिकाम्या सीटवर आवाज झाला.

कट.

पट्टा लावल्याचा.

कट... कट... रांगेने पुढे येत.

हातातले घास हातातच राहिले. तहसीन ताटाकडे बघत बसला.

अन्वरीने पोरीला कडेवर घट्ट धरलं, खिशातली कात्री काढली आणि सीटच्या शिवणीत खुपसली.

"उसवू नको, अन्वरी!" नूरुद्दीनभाई ओरडले.

"का? काय आहे आत? माझं लेकरू बसलं होतं ह्याच्यावर!"

फाटलेल्या शिवणीतून खारं, काळं पाणी ठिबकत होतं.

नूरुद्दीनभाईंनी ताट खाली ठेवलं.

"समुद्रातून वर काढल्या ना... तेव्हा ह्या सीटा रिकाम्या नव्हत्या."