पहाटेची कडी

यात माझ्या पदरचं काहीच नाही. कुणी विश्वास ठेवावा असा आग्रहही नाही.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. लोणावळ्याजवळचं कुरवंडे, माझं माहेर. पहाटेचे साडेपाच, आणि समोरचं घर दिसू नये इतकं धुकं.

आई गेली, तिचं पुण्यानुमोदन होऊन तीन दिवस झाले होते. पाहुणे गेले. घर आवरायला मी एकटी मागे राहिले होते.

आईची एक सवय होती. आमच्या आळीत श्रीपती आबा आणि नंदा मावशी आपापल्या घरात एकटे राहायचे. पहाटे दुधाला निघाली की आई दोघांच्या दाराची कडी दोनदा वाजवायची. आतून “हाय” असा आवाज आला की पुढे.

मी पुण्याहून म्हणायचे, “अगं, त्यांच्याकडे फोन आहेत.”

“फोन घ्याया उठाय लागतं. हाय म्हनाया काय लागतं?”

तिची कडी मात्र कुणी वाजवत नव्हतं. ती पहाटे गेली. त्या दिवशी कडी वाजली नाही, तेव्हा दोघांनाही वाटलं, पावसानं दूध आलं नसेल.

कळलं दुपारी.

तर त्या पहाटे मी जागी झाले ती आवाजानं.

खट... खट.

“हाय,” आबांचा आवाज.

थोड्या वेळानं पलीकडे, खट... खट. नंदा मावशीही “हाय” म्हणाल्या.

कुणीतरी आईचं काम उचललं होतं. बरं वाटलं. उजाडल्यावर आबांना विचारलं, “कडी कोण वाजवतं हो आता?”

आबांच्या हातातला चहा तसाच राहिला.

“म्या समजलो, तूच.”

“मी अंथरुणातच होते, आबा.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “तीन दिस झालं, कुनाला हाय म्हनतोय मग मी?”

दुसऱ्या पहाटे मी अंथरुणात बसून राहिले. आळीत घोट्याइतकं पाणी होतं. त्यात पाऊल पडल्याचा आवाज नाही...

खट... खट.

आबा गप्प. घाबरले असणार.

खट खट. पुन्हा खट खट.

शेवटी आबा रडवेल्या आवाजात म्हणाले, “हाय गं भामा. हाय. जा म्होरं.”

मग मावशींचं दार.

खट... खट.

उत्तर नाही.

पुन्हा. पुन्हा. न थांबता.

मी धावले. धुक्यात काही दिसेना. दारापाशी पोचले तेव्हा कोणीच नव्हतं.

कडी हलत होती.

आबा काठी टेकत आले. मागचं दार ढकलून आम्ही आत शिरलो. मावशी मोरीपाशी पडल्या होत्या. जिवंत.

दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, “तुजी आई दाराशीच हुती. झोपू नगं नंदे, म्हनत हुती.”

मला तिचा शब्द ऐकू आला नव्हता. नुसती कडी.

मी पुण्याला परतले. चौथा मजला. दाराला बेल आहे, कडी नाही.

पहिल्याच पहाटे...

खट... खट.

मी “हाय” म्हणाले. आवाज थांबला.

असं आठवडाभर चाललं. मग एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. वाटलं, तेवढीच आई जरा जास्त वेळ दाराशी थांबेल.

कडी वाजत राहिली. मी उशीत तोंड खुपसून ऐकत राहिले. मग ती थांबली.

आणि माझी बेल वाजली.

दारात शेजारच्या शुभदाताई. चार वर्षांत आम्ही एकमेकींशी धड बोललोही नव्हतो.

“बऱ्या आहात ना? मघापासून कुणीतरी आमचं दार वाजवतंय. उघडलं तर कोणीच नाही. म्हटलं, तुम्ही एकट्या असता...”

त्या आता रोज सकाळी माझी बेल वाजवतात. मी “आहे” म्हणते.

तेव्हापासून कडी वाजलेली नाही.

कुरवंड्यातही नाही. तिकडे आबाच काठी टेकत मावशींच्या दारी जातात.

साडेपाचला मला अजून जाग येते. मी पडल्या पडल्या हळूच “हाय” म्हणते.

बाहेर कुणी नसतं.